गाडीची बॅटरी सारखी उतरतेय, नवी टाकूनसुद्धा (सोलापूर)

टॉवेल_चादर | रविवार, रात्री 9:12

मंडळी, जरा मदत हवी आहे. गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी 35 अँपिअर-अवरची. गेले काही महिने सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात आणि खेळ खलास. जुनी बॅटरी चार वर्षं झालेली होती म्हणून उन्हाळ्यात नवी टाकली. महिनाभर गाडी सुतासारखी सरळ, मग परत तेच. आणि रोज होतं असंही नाही. कधी आठवडाभर काही नाही, कधी एक रात्र उभी राहिली की बसली.

घर होटगी रोडला, दुकान नवी पेठेत. अधूनमधून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे आणतो. लांब जाणं म्हणजे कधीतरी तुळजापूर. बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ आणि रिव्हर्स कॅमेरा आहे.

मेकॅनिक म्हणतो डायनमो (इंजिनवर फिरून बॅटरी भरतो तो) बदला. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी ओके, वायरिंग बघा. वायरिंगवाला म्हणतो स्टिरिओ काढा. ऐकायचं कुणाचं?

---

अण्णा_कुंभारवेस | रविवार, रात्री 9:30

ओ मालक, तिघांचं बी ऐकू नका, मीटरचं ऐका. दोन-तीनशे रुपयात डिजिटल मल्टीमीटर मिळतो. नवी बॅटरी टाकून पण तीच बोंब असंल तर पार्ट बदलत कशाला बसायलाव? आपल्याकडं पाणी काही दिवसाआड येतं. तोवर टाकीचा नळ गळत राहिला तर टाकी नवी आणून काय उपयोग?

---

विजापूर_रोड | रविवार, रात्री 9:41

मीटरबिटर कशाला? इंजिन चालू करा आणि बॅटरीचं एक टर्मिनल काढा. गाडी बंद पडली तर डायनमो गेला, चालू राहिली तर बरा. आमच्या वडिलांच्या काळापासून असंच तपासतात.

---

ऑटोइलेक्ट्रिक_बाळे | रविवार, रात्री 10:05

विजापूर_रोड, वडिलांच्या जीपला ते चालत होतं. आताच्या गाडीला करू नका, कळकळीची विनंती. चालू इंजिनवर बॅटरी तोडली की अल्टरनेटरचा, म्हणजे डायनमोचाच, व्होल्टेज क्षणात उसळतो, कारण तो झटका पिऊन घ्यायला बॅटरीच नसते. ईसीयू (इंजिनचा संगणक), स्टिरिओ, डायनमोचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे), काहीही उडू शकतं. दोनशेचा मीटर वाचवायला गेलात आणि हजारोंचा ईसीयू गेला, असं होईल.

टॉवेल_चादर, बॅटरी सारखी बसायला कारणं तीनच. बॅटरीतच जीव नाही, नाहीतर डायनमो भरत नाही, नाहीतर गाडी बंद असताना कोणीतरी करंट खातंय. गाडी भरदुपारी गॅरेजला नेली की यातल्या पहिल्या दोन गोष्टी पाच मिनिटांत कळतात. तिसरी तुमच्या पार्किंगमध्ये, गाडी लॉक करून तुम्ही झोपल्यावर घडते. म्हणून तिघांनी तीन उत्तरं दिली. प्रत्येकाने आपापल्या कामाचं सांगितलं, रात्रीचं कुणीच पाहिलं नाही.

आधी सोपं उरकू. बॅटरी चार्जिंगला लावून पूर्ण भरून घ्या. गाडी लावून तीन-चार तास झाले की टर्मिनलवर मीटर ठेवा, डीसी 20 व्होल्टच्या रेंजवर. 12.6 म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, आणि 12 च्या खाली गेली की जवळपास रिकामीच धरा. फिरून आल्या आल्या मोजलंत तर 12.9 वगैरे दिसेल. तो वरवरचा चार्ज असतो, त्यावर जाऊ नका. मग घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा किती पडतो ते बघा. दहाच्या वर राहिला तर छान. भरलेली असूनही साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीत दम नाही.

इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 हवा. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असं सगळं लावून थोडा रेस द्या, तरी साडेतेराच्या खाली येऊ नये. 15 च्या वर दिसला तर कटआऊट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गेलाय, तो बॅटरी उकळवून मारतो. (अलीकडच्या काही गाड्यांत पेट्रोल वाचवायला संगणक मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो. त्यांना हे आकडे जसेच्या तसे लावू नका. तुमची 2014 ची आहे, चालेल.)

जाता जाता मीटर एसी व्होल्टवर टाकून इंजिन चालू ठेवून तोच बॅटरीच्या टर्मिनलवर पुन्हा लावून बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवला तर डायनमोतला डायोड फुटलाय. असा डायोड चार्जिंग तर बिघडवतोच, शिवाय रात्री बॅटरी उलटी पिऊ शकतो.

---

निवृत्त_वायरमन | रविवार, रात्री 10:48

वरच्या प्रतिसादात एक भर. 'टकटक' आवाज दरवेळी बॅटरीचाच नसतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल, किंवा इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टी गंजली असेल तरी अगदी असाच आवाज येतो. सेल्फ मारताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा. पाव व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक.

बुरशीला गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुना टूथब्रश. पुसून कोरडं करून वर व्हॅसलीन. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीच्या डोक्यावर हायड्रोजन असतो हे विसरू नये.

आणि सोलापूरचा उन्हाळा. बॅटरी थंडीत दगा देते असं वाचायला मिळतं, पण मूळ दुखणं उन्हाळ्यातच लागतं. मे महिन्यात बाहेर 43-44 अंश असतात, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. पाणी उडतं, आतल्या जाळ्या गंजतात, न वापरता उतरण्याचा वेगही वाढतो. झाकणाची बॅटरी असेल तर पाणी बघत जा आणि फक्त डिस्टिल वॉटर घाला. आपल्या बोअरचं पाणी घातलंत तर बॅटरीचं कल्याण झालंच.

---

झटपट | मंगळवार, सकाळी 7:55

एवढा उपद्व्याप कशाला? रोज रात्री निगेटिव्ह काढून ठेवायची. मी करतो. प्रश्न मिटला.

---

अण्णा_कुंभारवेस | मंगळवार, सकाळी 8:20

रोज रात्री पाना घेऊन खाली जायचं? गाडी हाय का बैल, दावं सोडायला?

---

ऑटोइलेक्ट्रिक_बाळे | मंगळवार, दुपारी 2:10

झटपट, तुमच्या उपायाने एक गोष्ट मात्र छान कळते. निगेटिव्ह काढून ठेवल्यावर सकाळी बॅटरी जशीच्या तशी आणि जोडून ठेवल्यावर उतरलेली, म्हणजे बॅटरी निर्दोष, गाडीच खातेय. चाचणी म्हणून उत्तम, रोजचा नेम म्हणून नको. सेंट्रल लॉक आणि अलार्म झोपतो, घड्याळ जातं, काही गाड्यांत काचांची ऑटो सेटिंग जाते, आणि रोज ढिलं-घट्ट करून क्लॅम्प सैल पडतो.

---

टॉवेल_चादर | बुधवार, रात्री 10:20

सगळ्यांचे आभार. मीटर आणला. रात्रभर चार्जिंग करून सकाळी काढली, दुपारी मोजली: 12.61. सेल्फला 10.3 पर्यंत पडली. चालू इंजिनला 14.2, सगळं लावून 13.7. एसी रेंजवर जवळपास शून्य. अर्थिंग ठीक. म्हणजे डायनमो बदलायचे पैसे वाचले म्हणायचे.

पण सकाळचे आकडे बघा. काल रात्री लावली, आज सकाळी 12.43. आदल्या सकाळी 12.58 होती. गाडी तीच, जागा तीच, गाडी उभी राहिलेले तासही साधारण तेवढेच.

---

ऑटोइलेक्ट्रिक_बाळे | बुधवार, रात्री 11:02

हा फरकच सगळं सांगतोय. काहीतरी आहे जे एखाद्या रात्री चालू राहतं आणि एखाद्या रात्री नाही. आता ड्रेन टेस्ट करा, म्हणजे बंद गाडी किती करंट खाते ते मोजा. नीट वाचून करा, घाईत मीटर जळतो.

मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात, काळी 'कॉम' लिहिलेल्या भोकात, खटका 10 ए वर. चावी काढून खिशात. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा ठेवायचा आणि त्याच्या लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करायची, म्हणजे गाडीला वाटतं दरवाजा लागला. (काम झाल्यावर हँडल ओढून ती आधी मोकळी करा, मगच दरवाजा लावा. नाहीतर लॉक वाकतं.) दाराच्या चौकटीत बटण असेल तर ते चिकटपट्टीने दाबून ठेवा. मग निगेटिव्ह केबल काढा आणि केबल व बॅटरीचा खांब यांच्यामध्ये मीटर जोडा. गाडीला जाणारा सगळा करंट आता मीटरमधून जातोय. या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, हेडलाइट लावायचे नाहीत.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, एक-दोन अँपिअरही. घाबरू नका. केबल जोडली की गाडीतले कंट्रोलर जागे होतात आणि झोपायला वेळ घेतात. अर्धा तास हात लावू नका, काही गाड्यांना तास लागतो. नंतर जो आकडा स्थिरावेल तो खरा. 0.02 ते 0.05 म्हणजे ठीक, घड्याळ आणि अलार्म तेवढं खाणारच.

हिशोब करा. 0.05 अँपिअरने दिवसाला 1.2 अँपिअर-अवर जातात. 35 ची बॅटरी दोन-तीन आठवडे सहज काढेल. 0.4 असेल तर दिवसाला साडेनऊच्या वर, म्हणजे तीन-चार दिवसांत खडखडाट. सेल्फला किती लागतं माहीत आहे? दीडशे अँपिअर दोन सेकंद धरले तरी 0.1 अँपिअर-अवर सुद्धा होत नाही. लोकांना वाटतं स्टार्टर बॅटरी खातो. खरी खादाडी गुपचूप बसून होते.

आकडा मोठा आला तर फ्यूज एकेक काढून बघतात, पण काढला-घातला की एखादा कंट्रोलर पुन्हा जागा होतो आणि आकडा नाचायला लागतो. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवा. मीटर 200 मिलिव्होल्टवर आणा (वायर व्होल्टच्या भोकात परत घालायला विसरू नका) आणि फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात त्यांवर टोकं टेकवा. शून्य आलं तर त्या वाटेने काही जात नाही. लहान ब्लेडच्या 10 अँपिअर फ्यूजवर 3 मिलिव्होल्ट म्हणजे साधारण 0.4 अँपिअर चाललाय. मात्र त्यासाठी निगेटिव्ह केबल नेहमीसारखी जोडून गाडीला पुन्हा झोपू द्यायचं.

---

पुणेकर_मूळचा_सोलापूरचा | गुरुवार, सकाळी 9:00

मी पैज लावतो, स्टिरिओ. बाहेरच्या स्टिरिओची पिवळी वायर कायमची सप्लाय असते, लाल चावीवर. बसवणारे बरेचदा दोन्ही एकत्र पिळून टाकतात, म्हणजे स्टिरिओ कधी पूर्ण बंदच होत नाही. अँड्रॉइडवाल्यांत तर पटकन चालू व्हावा म्हणून स्टँडबायची सेटिंगही असते.

---

अण्णा_कुंभारवेस | गुरुवार, सकाळी 9:15

जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, ओबीडीला (गाडी तपासायच्या सॉकेटला) लावून ठेवलेली ती टिकली, फोनचा चार्जर. सगळे चोर एकाच गल्लीतले. पण पैज मी पण स्टिरिओवरच लावतो. हरलेल्यानं पार्क चौकात चहा.

---

टॉवेल_चादर | शुक्रवार, रात्री 11:35

काल रात्री बसलो. सुरुवातीला 1.8, पाच-सात मिनिटांत 0.7, अर्ध्या तासाने 0.43 वर येऊन थांबला तो हललाच नाही. आज केबल जोडून, गाडी झोपवून फ्यूज तपासले. सगळे शून्य, फक्त एक 10 अँपिअरचा, त्यावर 3.1 मिलिव्होल्ट. मॅन्युअलमध्ये त्याच्यासमोर 'रूम लॅम्प / रेडिओ'.

मीही म्हटलं, झालं, स्टिरिओच. डॅशची पट्टी उघडून स्टिरिओचं सॉकेटच काढलं. परत थांबलो, परत मोजलं. 3.1.

म्हणजे चहा दोघांनीही पाजायचा. पण मग उरलं काय? वरचा दिवा बंद आहे, डोळ्यांनी दिसतोय.

---

ऑटोइलेक्ट्रिक_बाळे | शुक्रवार, रात्री 11:50

त्या फ्यूजवर 'रूम लॅम्प' लिहिलंय, म्हणजे गाडीच्या आतले सगळे दिवे त्याच्यावर. पाच वॉटचा बल्ब 12 व्होल्टवर किती अँपिअर खातो? 5 भागिले 12, म्हणजे 0.42. तुमचा आकडा 0.43.

डिकीतला दिवा बघा. डिकी बंद असताना आतलं दिसत नाही म्हणून मोबाइल व्हिडिओवर लावून आत ठेवा, डिकी नेहमीसारखी लावा, मिनिटभराने उघडा. किंवा अर्ध्या तासाने डिकी उघडून लगेच दिव्याच्या झाकणाला बोट लावा. गरम लागलं तर चोर सापडला.

---

टॉवेल_चादर | शनिवार, सकाळी 8:25

सापडला!

व्हिडिओत डिकी बंद झाल्यावर अंधार व्हायला हवा होता, तर दिवा मस्त पेटलेला, स्टेपनीचा खड्डा, जॅक, मागच्या फेरीतून गळालेला चादरीचा एक टॅग, सगळं लख्ख दिसतंय. झाकणाला बोट लावलं तर चटका बसला.

डिकीच्या कडेला दोन रबरी बफर असतात, त्यातला उजवीकडचा झिजून सपाट झालाय. त्यामुळे झाकण लॉक होतं, पण किंचित तिरकं बसतं, आणि लॉकमधला दिव्याचा स्विच कधी दाबला जातो, कधी केसाएवढा उरतो. गठ्ठे भरताना आम्ही डिकी दोन्ही हातांनी आपटून लावतो, तेव्हा ती पूर्ण बसते. रिकामी असताना एका हाताने सोडतो, तेव्हा नाही. म्हणून एखादी रात्र ठीक आणि एखादी नाही.

बल्ब काढून ठेवला. आता फ्यूजवर 0.1 मिलिव्होल्ट, आणि स्टिरिओ परत जोडूनही तेवढंच.

---

पुणेकर_मूळचा_सोलापूरचा | शनिवार, सकाळी 9:10

स्टिरिओची जाहीर माफी. पण बल्ब काढून ठेवणं म्हणजे रात्री डिकीत चाचपडणं आलं. दोन्ही बफर बदला, जोडीने, आणि बल्बच्या जागी त्याच मापाचा एलईडी टाका. उद्या पुन्हा चालू राहिला तरी कितीतरी कमी खाईल.

---

निवृत्त_वायरमन | शनिवार, सकाळी 10:40

एलईडीबद्दल असहमत. चोराचा खुराक कमी केला म्हणजे चोर पकडणं आणखी अवघड. बफर बदला, स्विच साफ करा, बल्ब तोच ठेवा.

---

ऑटोइलेक्ट्रिक_बाळे | शनिवार, दुपारी 1:30

वायरमन काकांशी सहमत. 2014 च्या तुमच्या मॉडेलला दिवा आपोआप बंद करायची सोय नाही, नव्या बऱ्याच गाड्यांत काही मिनिटांनी कंट्रोलरच तो मालवतो. त्यामुळे नव्या गाडीत डिकीच्या दिव्यावर संशय घेण्याआधी इतरत्र बघा.

आता नव्या बॅटरीचं. गाडीची बॅटरी थोडं देऊन लगेच भरून घेण्यासाठी असते, तळ गाठण्यासाठी नाही. ती रिकामी राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तेवढी क्षमता कायमची जाते. तुमची काही वेळा पूर्ण बसलीय, त्यामुळे 35 ची आता 35 राहिली नसणार. म्हणूनच तर एका रात्रीत चार-साडेचार अँपिअर-अवर जाऊन ती गाडी उचलेनाशी व्हायची. पूर्ण भरून बॅटरीवाल्याकडे लोड टेस्ट करून घ्या. अर्धवट भरलेली नेलीत तर मशीन उगीच 'बदला' म्हणतं.

आणि शहरातल्या शहरात चालवून ती पूर्ण भरेल या भरवशावर राहू नका. होटगी रोड ते नवी पेठ, त्यात सात रस्त्याचा सिग्नल, एसी चालू. पहिला ऐंशी टक्के चार्ज लवकर होतो, शेवटचा वीस टक्के तासन्तास घेतो. बाहेरचा चार्जर लावाच, क्षमतेच्या दहा टक्क्यांनी, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आसपास.

---

मृदुला_जुळेसोलापूर | शनिवार, दुपारी 4:15

याच धाग्यात विचारते, चालेल ना? मुलगा बेंगळुरूला असतो, त्याची गाडी आमच्याकडे उभी असते, महिन्या-दीड महिन्याने येतो तेव्हाच निघते. दरवेळी बॅटरी उतरलेली. शेजारचे म्हणतात रोज पाच मिनिटं इंजिन चालू करून ठेवा. आणि घरच्या इन्व्हर्टरवरून चार्ज केली तर चालते का?

---

ऑटोइलेक्ट्रिक_बाळे | शनिवार, संध्याकाळी 6:50

ताई, तुमच्या गाडीत दोष असेलच असं नाही. दीड महिना उभी राहिली की 0.04 अँपिअरनेही चाळीसेक अँपिअर-अवर जातात, चांगली बॅटरीही उतरणारच.

रोजची पाच मिनिटं नकोत. बॅटरीत नावापुरतं भरतं, आणि इंजिन नीट तापत नाही त्यामुळे सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा कुणीतरी अर्धा-पाऊण तास चालवून आणा, हिप्परगा तलावापर्यंत जाऊन या. ते जमत नसेल तर तुमच्या बाबतीत झटपट यांचा उपाय योग्य: निगेटिव्ह काढून ठेवा. केबल काढल्यावर डिकी आणि दरवाजे रिमोटने उघडणार नाहीत, तेव्हा चावीने उघडतं ना ते आधी पाहून घ्या. पार्किंगमध्ये प्लग असेल तर आपोआप थांबणारा छोटा मेंटेनर चार्जर सगळ्यात चांगला.

इन्व्हर्टर नको. त्याचा चार्जर दीडशे अँपिअर-अवरच्या मोठ्या बॅटरीसाठी असतो, दहा-पंधरा अँपिअर ढकलतो. 35 च्या बॅटरीला तो फार झाला, तापून गॅस सोडेल.

---

मृदुला_जुळेसोलापूर | शनिवार, संध्याकाळी 7:20

धन्यवाद. आणि मुलगा येईल तेव्हा शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप द्यायचा असेल तर? दरवेळी केबल कुठली कुठे यावरून वाद होतो.

---

निवृत्त_वायरमन | शनिवार, संध्याकाळी 7:45

लाल आधी: उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग त्याच केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. मग काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनवर, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडायचीच तर तिथे पडू दे. चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं तशीच ठेवा, मग दुसरीला सेल्फ मारा. काढताना बरोबर उलट क्रमाने. आणि बाजारात त्या केसासारख्या बारीक केबल मिळतात त्या घेऊ नका, नुसत्या गरम होतात, करंट जात नाही. जाड तांब्याची घ्या.

---

अण्णा_कुंभारवेस | शनिवार, रात्री 8:05

पुणेकर, सोलापूरला कधी येऊलाव? पार्क चौकातला चहा आपल्या दोघांच्या नावावर हाय, बाळेवाल्यांना आणि टॉवेलवाल्यांना पाजायचाय.

---

टॉवेल_चादर | रविवार, सकाळी 11:10

बफरची जोडी मिळाली, बसवली, स्विचवर क्लीनर मारून बल्ब परत लावला. आज एका हाताने हळू सोडूनही दिवा मालवतो. लोड टेस्टला बॅटरी पास झाली पण काठावर, बॅटरीवाला म्हणाला हा हिवाळा निघेल, पुढच्या उन्हाळ्याचं सांगता येत नाही. चहाला हजर आहे.